खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन लांबवू नका

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घरात पहिला फोन मावशीचा आला, "ऐंशीच्या घरातली बाई ती, तिला कशाला चिरताय, वजन लटकवा, पडून राहिली की आपोआप जुळेल". मग चुलत्यांचा फोन, त्यांच्या गावाजवळ कुणी हाडवैद्य आहे म्हणे. सगळे मायेनेच बोलतात हो, पण म्हातारं माणूस ऑपरेशनपेक्षा जास्त पडून राहण्याने जातं. छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताच्या गुठळ्या, माकडहाडावर जखमा. म्हणून फिटनेस असेल तर दुखापतीनंतर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं असंच सगळीकडे सांगतात.

आईचा पाय आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, एक्स-रेच्या आधीच डॉक्टरांना कळलं. फ्रॅक्चर मानेत होतं, म्हणजे मांडीच्या हाडाचा जो गोळा असतो त्याच्या लगेच खाली. गोळ्याला रक्त त्या मानेतूनच जातं, ती तुटून सरकली की रक्त बंद, आणि या वयात ते जुळायची आशा फार कमी, म्हणून गोळाच काढून धातूचा बसवतात. त्याच्या थोडं खाली मोडलं तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, मग रॉड घालून भागतं. भूल कमरेत इंजेक्शन देऊन, त्यामुळे आई पूर्ण झोपलेली नव्हती.

ऑपरेशननंतरच्या रात्रीबद्दल मात्र कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आई मला ओळखेना, सलाईन ओढायला लागली, "म्हशीचं दूध काढलं का" म्हणून सारखं विचारत होती, आणि म्हैस विकून तर कितीतरी वर्षं झाली. मी घाबरून रडायलाच लागले. नर्स म्हणाली बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना होतं असं, उतरेल, तुम्ही त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन लावा, लाईट चालू ठेवा, हळू बोलत रहा. खरंच दोन-तीन दिवसांत निवळलं, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी फिजिओवाल्या ताईंनी उभं केलं. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरी उंच कमोड, झोपताना पायांच्या मध्ये उशी, मांडी घालून बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही. जेवणात डाळ, अंडी, दही भरपूर दिलं. दह्याने सूज येते म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही.

आणि डिस्चार्ज घेताना स्वतःहून विचारा, हाडांच्या ठिसूळपणाचं काय? आमच्या कागदावर त्याबद्दल एक ओळ नव्हती. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालेलीच असतात, उद्या दुसरीकडचा खुबा मोडू शकतो. आम्ही नंतर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी, केला, व्हिटॅमिन डी आणि किडनीची तपासणी झाली, मग हाडांच्या ठिसूळपणावर वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन दिलं. रात्री अंग मोडून ताप आला, पॅरासिटॅमॉलवर उतरला. पुढचं आता वर्षाने.