पेटी पंचावन्न, तबला काठावर

गणपतीतल्या कार्यक्रमासाठी तालीम मंडळाच्या पोरांनी एक कागद फिरवला. नाव, वाद्य आणि तिसऱ्या रकान्यात 'कितपत येतं'. हा तिसरा रकाना कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. शाळेत गुण द्यायचं काम दुसऱ्याकडं असायचं, ते किती सोयीचं होतं!

पेटीला पंचावन्न दिले. आरत्या, अभंग, चार-दोन भावगीतं येतात, पण सगळी पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिली पांढरी पट्टी सा धरून. आमच्या भजनातले बुवा काळी चारशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि तिथं माझी बोटं परगावात पत्ता विचारत हिंडल्यासारखी हिंडतात. बुवांच्या पेटीला स्केल चेंजर आहे, पट्टी सरकवली की भागतं. पण ते गुण पेटीचे. शिवाय पेटीवाले गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात स्वतःच्या पेटीला गुण द्यायचे म्हणजे खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उभं राहून दंड दाखवण्यासारखं. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ साली कुठं सैल झाली. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हा तिच्यावरचा एक मोठा आक्षेप. माझ्या चुकांचं खापर मी बरीच वर्षं याच आक्षेपावर फोडलं.

तबला पस्तीस. भजनी ठेका, केरवा, दादरा जमतो. तीनतालाच्या १६ मात्रा तोंडानं बिनचूक मोजतो, वाजवताना मात्र चौदावीलाच समेची, म्हणजे पहिल्या मात्रेवर परतायची, घाई होते. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढायचा, तो निघत नाही. तेलाचा डबा वाजतो.

बासरी जोतिबाच्या यात्रेतली. शेजारच्या काकूंनी एकदा सकाळी विचारलं, "कुकरची रिंग गेलीया काय?" दहा. तेही दमाचे.

तंबोऱ्याला मात्र मी डोळे झाकून नव्वद देणार होतो. चार तारा, एकामागून एक छेडायच्या, त्यात चुकायचं काय? पंधरा वर्षांपूर्वी मिरजेहून आणलाय. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो नेमक्या जागी सरकला की तार बोलायला लागते, केसभर पुढं गेला की बद्द. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळेपर्यंत खुंटी पिळायची, मग बारीक फरकासाठी तारेतला मणी खालीवर करत बसायचं. माझी वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जातात, आणि तोवर गाणाऱ्याचा चहा होऊन पान लावून झालेलं असतं.

एकदाच, एका दुपारी, तो पुरता जुळला. खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार छेडली आणि तिच्यातून न छेडलेला गंधार, म्हणजे ग, वर आला, आत कुणीतरी हळूच गुणगुणावं तसा. मी मान वळवायलाही भ्यालो. मग दारावरून केएमटीची बस गेली, घर हादरलं, खुंटी घसरली. तो गंधार पुन्हा आलेला नाही.

पंधरा वर्षांत एक दुपार. याचे शंभरात किती होतात, ते काढत बसलो होतो, तेवढ्यात पोरगं दारात.

"काका, कागद झाला?"

"तंबोऱ्याचं अडलंय बघ."

"त्यो कुठं ऐकू येतोय ओ मांडवात! पेटी घ्या तुम्ही. बुवास्नी सांगतो, पांढरी एकमधनं म्हणा म्हणून."

बुवा ऐकायचे नाहीत.