जुनेपणाचे डाग

घरच्या घरी भेटवस्तू आणि गृहसजावटीच्या वस्तू बनवायला सुरुवात केली तेव्हा ‘व्हिंटेज’ या शब्दाचा मी लावलेला अर्थ फारच सोपा होता: पिवळसर कागद, त्यावर तपकिरी डाग, कोपऱ्यात एखादी भेग आणि मध्यभागी गुलाब. पहिले टी-टॉवेल, म्हणजे भांडी पुसायचे सुती पंचे, मी याच समजुतीने रेखाटले. जुन्या वनस्पतिचित्राचे स्कॅन जसेच्या तसे शुभ्र सुती कापडावर छापून घेतले आणि हाती आला तो एक मळकट पिवळा चौकोन, ज्याच्या कडा पांढऱ्या कापडावर चिकटपट्टीसारख्या उठून दिसत होत्या. चित्रात दोष नव्हता. कागदाचा पिवळेपणा हा कागदातल्या लिग्निनवर, म्हणजे लाकडातून आलेल्या एका घटकावर, प्रकाशाचा आणि हवेचा परिणाम होऊन आलेला असतो. तो चित्रकाराने रंगवलेला नसतो, हे मी विसरले होते. तेव्हापासून स्कॅनची पार्श्वभूमी पूर्ण काढून टाकते आणि ब्लीच न केलेले, मूळच्या फिकट सायीच्या रंगाचे कापड निवडते. पिवळसरपणा वस्तूच्या अंगचा असावा, शाईचा असू नये.

त्यानंतर जुन्या छपाईकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. एकोणिसाव्या शतकातील रंगीत शिळाछापात, म्हणजे क्रोमोलिथोग्राफीत, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागत असे आणि तोच कागद प्रत्येक दगडावरून पुन्हा पुन्हा न्यावा लागे. एखादा रंग केसभर सरकला की पाकळीच्या कडेला दुसऱ्या रंगाची बारीक रेघ दिसे. मऊ छटा हव्या असतील तर त्या ठिपक्या-ठिपक्यांनी साधाव्या लागत. भिंगाखाली असे जुने लेबल धरले की गालावरची लाली म्हणजे गुलाबी ठिपक्यांची गर्दी आहे, हे दिसते आणि ते ‘जुने’ का वाटते याचा उलगडा होतो. म्हणून मी आता रंग चार किंवा पाचच घेते, प्रत्येकाचा स्वतंत्र थर करते, छटांच्या जागी ठिपके वापरते आणि एखादा थर अर्धा मिलिमीटर मुद्दाम सरकवते. संगणकावर तयार मिळणारे भेगांचे आणि ओरखड्यांचे थर मी जवळजवळ वापरतच नाही, कारण दहा वस्तूंवर तीच भेग त्याच जागी दिसली की सोंग उघडे पडते.

पुनरावृत्तीच्या नक्षीत सर्वाधिक वेळ जातो, आणि खरे सांगायचे तर आनंदही तिथेच आहे. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांची १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही नक्षी मी कितीतरी वेळा समोर ठेवून बसले आहे. फळे चोरणारे पक्षी जोडीने समोरासमोर बसतात, वेली त्यांच्या मागून वळतात आणि एक तुकडा कुठे संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे शोधावे लागते. ती निळीत बुडवलेल्या कापडावरचा रंग ठरावीक जागी उडवून, मग तिथे दुसरे रंग ठशांनी भरून छापली जात असे. मला तिच्यातून शिकायचे होते ते सांधे लपवण्याचे तंत्र. माझ्या उशीच्या अभ्र्यांवर नक्षीचा तुकडा १६ सेंटिमीटर उंच असतो. शेजारच्या उभ्या ओळीत तोच तुकडा मी ८ सेंटिमीटर खाली सरकवते, त्यामुळे फुले आडव्या रांगेत कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसत नाहीत.

स्रोत निवडताना हक्कांचा विचार आधी करावा लागतो. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि अनेक देशांत ७० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १८४० मध्ये निधन पावलेल्या रदूते या पुष्पचित्रकाराचे गुलाब त्यामुळे सर्वांचे आहेत. पण त्यांवरून आज कोणी नव्याने रेखाटन केले असेल तर ते त्या व्यक्तीचे असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा २०१७ पासून मुक्त वापरासाठी खुल्या केल्या आहेत, तेथूनच मी बहुतेक वेळा सुरुवात करते. हाताशी मूळ छापील लेबल असेल तर आकाराचे गणित आधी मांडते: १० सेंटिमीटर रुंदीचे लेबल इंचाला ६०० बिंदूंनी स्कॅन केले तर २० सेंटिमीटर रुंदीच्या ट्रेवर त्याचे इंचाला ३०० बिंदू उरतात, आणि त्याहून मोठे करण्याचा मोह टाळलेला बरा.

मगांचा अनुभव वेगळाच. सबलिमेशन छपाईत, म्हणजे उष्णतेने शाई मगाच्या पृष्ठभागात उतरवण्याच्या पद्धतीत, पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा म्हणजे खालच्या मगाचा पांढरा. जुन्या छायाचित्राचा सायीसारखा उजेड हवा असेल तर तो रंग म्हणूनच छापावा लागतो, म्हणजे कापडासाठी जे काढून टाकले तेच इथे पुन्हा घालायचे.

एक फजिती मात्र नोंदवायलाच हवी. भेटीसोबतचे टॅग चहाच्या पाण्यात बुडवून मी तपकिरी करत असे. एकदा घाईत ते पुरते न वाळताच पांढऱ्या रुमालांच्या संचाला बांधले, आणि ग्राहकाने खोके उघडले तेव्हा वरच्या रुमालावर टॅगचा हुबेहूब चौकोन उमटलेला होता. संच बदलून दिला. त्यानंतर टॅगसाठी रंगीत लगद्याचा आम्लरहित कागद आणू लागले आणि वर्णनात ‘व्हिंटेज’ऐवजी ‘व्हिंटेज शैलीतील, नव्याने बनवलेले’ असे लिहू लागले, कारण व्यापारात निदान वीस वर्षे जुन्या वस्तूलाच व्हिंटेज म्हणण्याचा प्रघात आहे. तो डागाळलेला रुमाल अजून माझ्या टेबलावर आहे; ब्रश पुसायला तोच घेते.