गळ्यापर्यंत पाण्यात

मेची अखेर. आगोटीची कामं निम्मी बाकी, लाकडं अजून पडवीत यायचीत, आणि मी भर दुपारी माळ्यावर ट्रंक उघडून बसलोय. खालून आई तिसऱ्यांदा विचारतेय, ताडपत्री मिळाली का रे. ताडपत्री कसली मिळतेय, डायनासोर मिळाला.

पुस्तकाला कव्हर नाही. सुरुवातीची पानंही गेलीत, त्यामुळे नाव काय, चित्रं कोणाची, साल कुठलं, काही पत्ता नाही. डांबरगोळ्यांचा वास, आणि कसरीने ब्रॅकिओसॉरसच्या, म्हणजे त्या लांबमान्या डायनासोरच्या, मानेतून आरपार पाडलेला बोगदा, एवढंच काय ते नवीन. बाकी मंडळी होती तिथेच आहेत, गळ्यापर्यंत पाण्यात.

हे काकांनी आणलेलं. काका गिरगावात एका छापखान्यात मशीनवर होते, दर गणपतीला यायचे, आणि एका वर्षी पिशवीतून माहीमच्या हलव्याच्या खालून हे निघालं. फाउंटनच्या फूटपाथवर मिळालं म्हणाले, दोन रुपयांना. इंग्रजी वाचून अर्थ लावेल असं घरात तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून मग नावं आजीने ठेवली. स्टेगोसॉरस म्हणजे पापडवाला, पाठीवर फणसाचे पापड उभे करून वाळत घातल्यासारखे दिसतात म्हणून. ट्रायसेराटॉप्स सूपवाला, डोक्यामागची झालर धान्य पाखडायच्या सुपासारखी म्हणून. आणि टिरॅनोसॉरस, जो जुन्या चित्रांत शेपटीवर रेलून ताठ उभा असायचा, तो आजोबा. कारण आमचे आजोबाही जेवणानंतर ओटीवर काठीला रेलून अगदी असेच उभे राहायचे, एक हात छातीशी, नजर आगरात, आता कोणावर ओरडायचं ते ठरवत. ब्रॅकिओसॉरस बघून मात्र आजी जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "एवढ्या घोरपडीला पोसतो कोण रे?"

आता शेपटीवर रेलणं, पाण्यात पडून राहणं, हे सगळं चूक आहे हे मलाही माहितीय. १९६९ साली जॉन ऑस्ट्रॉम या अमेरिकन शास्त्रज्ञाने डायनोनिकस नावाच्या डायनासोरचं वर्णन छापलं, हलका, चपळ, पळून शिकार करणारा, आणि तिथून पुढे हळूहळू सगळ्यांच्याच शेपट्या जमिनीवरून उचलल्या गेल्या. १९९६ला चीनमधून पिसांवाला जाहीर झाला. ठीक आहे, असेल. पण ही नवीन चित्रं मला बघवत नाहीत, जो तो धावतोय नाहीतर तोंड वासून ओरडतोय, कॉम्प्युटरवर केलेली चकचकीत कातडी, प्रत्येक दातावर थुंकी. दुपारची झोप म्हणून कोणाला नाहीच. आमच्या पुस्तकातले कसे भात-आमटी जेवून आल्यासारखे. तळीत म्हैस बसते ना, नाक तेवढं वर, बाकी जगाशी संबंध संपला, तसे. मला लहानपणी खात्रीच होती की ही मंडळी कोकणातली.

त्याला कारण मागची झाडं. आमच्या विहिरीत चिऱ्यांच्या फटीतून जे नेचे लोंबतात तेच त्या चित्रांत पायाशी, भेरली माडाचे चुलत भाऊ वाटावेत अशी झाडं मागे, आणि आभाळ तर नक्की मिरगाच्या आदल्या आठवड्यातलं. अजूनही जुनं डायनासोरचं चित्र कुठे दिसलं तर मी आधी प्राणी बघतच नाही, मागे काय आहे ते बघतो, ओल कशी काढलीय ते. चार्ल्स नाइट म्हणून अमेरिकन चित्रकार होता, १८७४चा जन्म, लहानपणी उजव्या डोळ्याला खडा लागलेला, नजर मुळात अधू, नाक कॅनव्हासला टेकेल इतक्या जवळून रंगवायचा. पण प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत जनावरं इतकी काढलेली की त्याच्या डायनासोरच्या गुडघ्यावरच्या सुरकुत्या खऱ्या वाटतात, हाडं चुकीची जोडलेली असली तरी. आणि चेकोस्लोव्हाकियाच्या झ्देन्येक बुरियानचं पाणी! त्याचा ब्रॅकिओसॉरस खोल पाण्यात उभा आहे, डोकं तेवढं बाहेर. आमच्या पुस्तकातला त्याच्यावरूनच उचललेला दिसतो.

त्या चित्रापायी मी एकदा बुडणार होतो. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो हे सांगायला नको, तसे दोन एकात एक खुपसून मी तळीत उतरलो, एक टोक तोंडात, एक वर, ब्रॅकिओसॉरस व्हायला. हातभर खाली होतो तोवर जमलं. आणखी दोन पायऱ्या उतरलो तर श्वास आतच येईना, छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, आणि वर आलो तर काठावर आजोबा, म्हणजे खरे आजोबा. पुढचं लिहीत नाही. बऱ्याच वर्षांनी वाचलं की केरमॅक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हेच मांडलेलं, एवढ्या खोल पाण्यात दाबामुळे त्या प्राण्याला छाती फुगवताच आली नसती. त्याला पपई लागली नाही एवढाच फरक.

आणि कोकणातले म्हणावं तर तेही नाही. डायनासोर संपले त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे लाव्हाचे थरावर थर साचत होते, त्याच काळ्या दगडाचा पुढे जांभा झाला आणि त्या जांभ्याचे चिरे आमच्या भिंतीला. हाडं मिळाली ती तिकडे चंद्रपुरात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे तर डायनासोरचं दगड झालेलं शेण मिळालं आणि २००५ साली त्यात गवताचे अंश सापडले. त्याआधी डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालायचे, म्हणून जुन्या चित्रांत कुठेही गवताची काडी नाही, नुसते नेचे. म्हणजे मी ज्या मागच्या झाडांवर एवढा भाळलो तिथेही गडबड आहेच, आणि ती सापडली शेणात! आजी असती तर तिला हे फार आवडलं असतं, सारवताना दहा जणींना सांगितलं असतं.

काकांना प्राण्यांचं काही नव्हतं. ते खिशातून भिंग काढून पानावर टेकवायचे आणि मला बघायला लावायचे. चॉकलेटी कातडी जवळून चॉकलेटी नसायचीच, निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके नुसते. पापडवाल्याच्या पानावर लाल रंग थोडा सरकलाय, त्यामुळे त्याच्या पाठीमागे त्याचीच लाल सावली दिसते, मी ती भीतीने बोटाने झाकून ठेवायचो. "मशीनवाला चहाला गेला असणार," काका म्हणाले होते. पण ब्रॅकिओसॉरसचं पाणी त्यांनी भिंगातून फार वेळ बघितलं. बसलाय रंग, म्हणाले. कोणाचंही कौतुक त्यांनी यापेक्षा जास्त शब्दांत केलेलं मला आठवत नाही.

आज शेवटचं पान उलटून बघितलं. वरच्या कोपऱ्यात फूटपाथवाल्याने पेन्सिलीने घातलेली किंमत अजून आहे, १८. आजोबांसमोर काकांनी दोन सांगितले होते.

ताडपत्री ट्रंकेच्या मागेच होती.