तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्यांचे कागद कशाला?

'मॅडम, प्रमोशन तुमचं अडलं होतं, मग दुसऱ्यांचे कागद कशाला मागितलेत?' परवा सांगलीच्या आमराईत फिरताना एका जुन्या सहकाऱ्याने पुन्हा विचारलं.

कारण माझ्या एकटीच्या कागदात अन्याय दिसतच नाही. तिथे लिहिलंय, 'अनुभव अपुरा'. ते खोटं नाही. चौदा वर्षं मी आवक-जावकला होते. लेख्याचं टेबल मागितलं की साहेब म्हणायचे, 'उशिरापर्यंत थांबावं लागतं, तुम्हाला घरचं बघायचंय.' बायका आवक-जावकला आणि पुरुष लेख्याला, हे सगळ्यांना दिसत होतं. दाखवून द्यायचं, तर सगळ्यांचे टेबलवाटपाचे आदेश आणि पदोन्नती समितीचं इतिवृत्त हवं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज दिला. तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ) खाली देता येत नाही. पहिल्या अपिलातही तेच. दुसऱ्या अपिलानंतर इतिवृत्ताची नऊ पानं हातात पडली, नावांवर आणि शेऱ्यांवर काळा मार्कर फिरवलेला. झेरॉक्स खिडकीच्या उजेडात धरली, तरी शेरा वाचता येईना. पण मार्कर फिरवणाऱ्याने 'श्री' आणि 'श्रीमती' तेवढं सोडलं होतं. बोट ठेवून मोजलं. विचारात घेतलेल्यांत निम्म्या श्रीमती होत्या. निवडलेल्या अकरांत एक.

कुणाचं आजारपण, छळाची तक्रार करणाऱ्या बाईचं नाव, हे झाकलंच पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तिचं नाव उघड करू देत नाही. पण सरकारी पदावर कुणाला का घेतलं आणि कुणाला का डावललं, हे खासगी कसं? माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच आहे, की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याला त्याची झळ बसते त्याला कळवायची. आणि कलम १० सांगतं, झाकायचं तेवढं झाकून उरलेलं द्यायचं.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) मधली, मोठं जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यायची, ही सवलत काढून टाकली, याचा मला मनापासून राग आहे. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, हे तिथलं वाक्यही गेलं. आता कलम ८(२) मध्ये जनहिताचा मुद्दा उरलाय, त्यावरच भांडायचं.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका धाकट्या मुलीला अर्ज लिहून दिला. पहिलंच वाक्य घातलं : 'नावे नकोत. श्री की श्रीमती, टेबल, कालावधी आणि शेरा, एवढे चार रकाने द्यावेत.'