धुळे ते तोरणमाळ, चढावर थरथरणारी जुनी ऑटोमॅटिक डिझेल घेऊन

पावसाळा सरत आला की धुळेकरांना तोरणमाळ आठवतं. आमची गाडी जुनी आहे. रिअर व्हील ड्राइव्ह डिझेल एसयूव्ही, टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चढाला किंवा ओव्हरटेकला रेस दिली की सीटखाली थरथर, पाय काढला की गप्प. एका गॅरेजने इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) सांगितले, टायरवाल्याने बॅलन्सिंग. दोघांपैकी कुणालाही पैसे देण्याआधी गाडी रस्त्यावर नीट तपासायची ठरवली.

आधी शहराबाहेर लळिंगचा चढ. किल्ला उजव्या-डाव्या बाजूला कुठे दिसतो ते बरोबरच्यांनी पाहावं, चालवणाऱ्याने फक्त कान आणि बूड जागं ठेवावं. थरथर आली, पण काळा धूर नाही, ओढ कमी नाही, आरपीएमचा काटा स्थिर. इंजेक्टर खराब असेल तर इंजिन अडखळतं, हादरा वेडावाकडा येतो, थंड इंजिन आयडलिंगलाही कुरकुर करतं. इथे तसं काहीच नव्हतं.

खरी तपासणी चिमठाणे-दोंडाईचा रस्त्यावर झाली. सपाट, मोकळा पट्टा मिळाला की वेग ६० वर धरायचा आणि लिव्हर मॅन्युअलला घ्यायचा. चौथ्यात आरपीएम १७००च्या आसपास, तिसऱ्यात २४००. थरथर आरपीएमबरोबर बदलली तर इंजिन किंवा त्याची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार. वेग तोच ठेवल्यावर तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागचा भाग. आमची जशीच्या तशी राहिली.

दुसरी परीक्षा टॉर्क कन्व्हर्टरची. त्याच्या आतला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) घसरायला लागला की हलक्या रेसवर, साधारण ५० ते ८० च्या वेगात, गाडी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते. मागे कुणी नाही हे पाहून, रेस तशीच ठेवत डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लाइट लागण्याइतका. बहुतेक गाड्यांत लॉकअप लगेच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर गिअरबॉक्स ऑइल बदलण्यापासून सुरुवात करावी, आणि ते कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घालावं. आमच्यात काही फरक पडला नाही.

राहता राहिली चाकं. या मापाच्या गाडीचं चाक ६० च्या वेगाला सेकंदाला साधारण ७ फेरे घेतं, प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ओढ नेणारा लांब दांडा, त्याच्या जवळपास चौपट. म्हणून चाकाचं असंतुलन स्टिअरिंगमध्ये डोलल्यासारखं येतं आणि रेस सोडली तरी चालूच राहतं. शाफ्टची थरथर बारीक असते, गुणगुणल्यासारखी, आणि सीटखालून येते. सारंगखेड्याच्या तापी पुलापर्यंत माझा संशय शाफ्टवर पक्का बसला होता.

अशी गाडी घेऊन घाटात जाऊ नये, हे माझं ठाम मत. शाफ्टच्या टोकाचा जॉइंट तुटून शाफ्ट खाली पडला तर पुढची ओढ तर जातेच, ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ला लावूनही गाडी थांबत नाही, कारण ते कुलूप गिअरबॉक्समध्ये असतं. तेव्हा हँडब्रेकच कामाला येतो. म्हणून शहाद्यात थांबलो.

मेस्त्री जीपगाड्यांचा. मी इंजेक्टरची गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाला, “दादा, आधी चालाडी देखूत, मंग खोलूत.” म्हणजे आधी चालवून पाहू, मग खोलू. एक फेरी मारून गाडी रॅम्पवर घेतली, न्यूट्रलला टाकून चाकं घरंगळू नयेत म्हणून ओट लावली आणि शाफ्ट हाताने पिळला. मागच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या (अधिकच्या आकाराच्या तुकड्याच्या) टोपीभोवती तांबूस गंजाची पूड होती. आतल्या सुया कोरड्या पडल्या की हीच खूण दिसते. शाफ्टच्या दोन तुकड्यांना मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही चिरलेलं. दोन्ही बदललं. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (जिथे शाफ्ट बोल्टने जोडतात) आणि दोन्ही तुकड्यांवर रंगाने खूण करायला लावा. जोडताना तुकडे फिरले तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरेल. ग्रीस भरायचं निपल असलेला क्रॉस मिळत असेल तर तोच घ्या, पावसानंतर ग्रीस भरता येतं.

डिझेल, पाणी आणि जेवण शहाद्यातच उरकावं. शेवभाजी खाऊन निघालो. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की सातपुड्याची वळणं सुरू होतात. चढताना ‘डी’मध्ये गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत राहिला तर दुसरा-तिसरा धरून ठेवा, ऑइल कमी तापतं. उतरताना तर खालचा गिअर हवाच. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर तळाशी जळका वास येईल. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हा घाटात वाहनांची रांग लागते, जुन्या गाडीने ते दिवस टाळावेत. मोबाइल नेटवर्कवर भिस्त ठेवू नये.

घाटात रेस दिल्यावरची थरथर गेली होती. यशवंत तलावाशी ‘डी’मध्ये ब्रेक धरून, एसी लावून उभं राहिल्यावर मात्र एक हलका हादरा जाणवला, न्यूट्रलला कमी होणारा. हे इंजिन माउंटिंगचं काम. माउंटिंगवर काळा तेलकट ओघळ दिसतो, म्हणजे आतला द्रव गळालाय. त्याने घाटात अडत नाही, पार्ट धुळ्यात आल्यावर बसवणार आहे.