डावा चासी लेग: ‘रिपेअर’ची ‘रिप्लेस’ करून घेताना

विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या सर्व्हेअरच्या यादीत एक ओळ होती, ‘डावा चासी लेग – रिपेअर’. बॉनेट, बंपर, हेडलाइट, रेडिएटर, लोअर आर्म, सबफ्रेम हे सगळं ‘रिप्लेस’मध्ये मंजूर. फक्त ज्याच्यावर गाडीचं अख्खं नाक उभं असतं, तो लेग तेवढा ओढून सरळ करायचा. या एका ओळीपायी माझी गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात इतके दिवस धूळ खात पडली की चारही टायर बसले. शेवटी ती ओळ मी बदलून घेतली. कशी, ते सविस्तर लिहितोय. समोरून मार बसलेल्या गाडीच्या मालकाला ही ओळ आज ना उद्या भेटतेच, आणि बहुतेक जण ‘जाऊ दे, गाडी लवकर मिळू दे’ म्हणून सही करून मोकळे होतात.

गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 1984 सीसीचं टर्बो पेट्रोल, 230 पीएस, डीएसजी गिअरबॉक्स. नवी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 24.62 लाख होती. मी ती 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड घेतली. चार दारं, मागे म्हाताऱ्या आईवडिलांना आरामात बसता येतं, आणि घाटात पाय दाबला की जीव खूश होतो. अशी गाडी वर्षानुवर्षं मनात होती.

जानेवारीत, ऐन गळिताच्या हंगामात, रात्री सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे उसाची ट्रॉली मधल्या लेनमध्ये. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर लोंबणारा ऊस अंधारात दिसणं शक्यच नव्हतं. मी उजवीकडे काढली म्हणून समोरासमोर घुसलो नाही. ट्रॉलीच्या कोपऱ्याला डावी पुढची बाजू बसली. एअरबॅग उघडल्या, पट्टे लावलेले होते, कुणाला खरचटलंही नाही. रात्रीच कंपनीच्या नंबरवर फोन करून क्लेम नोंदवला, सकाळी गाडी उचलून पुण्याला आली. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पहिला पेच टोटल लॉसचा. विम्याचा नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्त न करता आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे देतात. चार वर्षं उलटलेल्या गाडीला 50 टक्के घसारा, म्हणून माझी आयडीव्ही 12.3 लाख, आणि 75 टक्के म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास. वर्कशॉपचं पहिलं इस्टिमेट होतं पावणेदहा लाखांचं. ॲडव्हायझर म्हणाला, “सर, टोटल लॉस घ्या ना, कशाला डोक्याला ताप?” ताप असा, की त्या वेळी बाजारात या गाडीची किंमत आयडीव्हीपेक्षा कितीतरी जास्त होती. हातात आलेल्या पैशांत तशी दुसरी मिळाली नसती.

मी इस्टिमेटची प्रिंट काढली आणि गाडीपाशी उभा राहून एकेक ओळ ताडून पाहिली. उजवा हेडलाइट धड होता, तरी यादीत. उजवा फेंडर धड, तरी यादीत. अंदाजपत्रक करताना ‘लागलं तर असावं’ म्हणून बरंच काही घालतात. ते काढायला लावल्यावर आकडा साडेआठ लाखांच्या खाली आला. त्यात डावा लेग, डावा ॲप्रन आणि पुढचा क्रॉस मेंबर नवे धरलेले होते. मी खूश. मग सर्व्हेअरचं असेसमेंट आलं, आणि त्यात ती ओळ.

चासी लेग म्हणजे काय, ते आधी सांगतो. आजकालच्या सेडानला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, अख्खी बॉडीच चासी. पुढे दोन्ही बाजूंना पेटीसारखे दोन जाड पोलादी हात असतात, बंपरपासून केबिनपर्यंत. इंजिन, सबफ्रेम, सस्पेन्शन सगळं त्यांच्या आधाराने. धडक बसली की हे हात ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने दुमडतात आणि धक्का खातात, म्हणून केबिन वाचते. एअरबॅग कधी उघडायची याचं गणितही या दुमडण्यावर बेतलेलं असतं. एकदा दुमडलेला हात तापवून, ओढून सरळ केला की दिसायला सरळ दिसतो. पण हे उच्च ताकदीचं पोलाद आहे, टॉर्चने तापवलं की त्याची ताकद जाते. पुढच्या धडकेत तो कसा वागेल, ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

बॉडीशॉपमध्ये जगभर एक साधा नियम पाळतात: नुसतं वाकलं असेल तर सरळ करा, चुणी पडली असेल तर बदला. माझ्या लेगला चुणी होती. वर्कशॉपमधले डेंटर, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मला गाडीखाली घेऊन गेले आणि बॅटरीचा झोत टाकला. इंजिन माउंटच्या थोडं पुढे, लेगच्या आतल्या अंगाला, पत्र्यावर आडवी घडी. बोट फिरवलं की नखाला कडा लागत होती. रंग पापुद्र्यासारखा सुटलेला, जोडावरचं सीलंट भेगाळलेलं. उस्ताद म्हणाले, “दादा, मी ओढून देईन, तुम्हाला कळणारही नाही. पण पत्रा एकदा दुमडला की दुसऱ्यांदा तिथेच दुमडतो.” या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. ओढायची मजुरी त्यांना मिळणारच होती, तरी त्यांनी खरं ते सांगितलं.

इथून पुढे जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी सर्व्हेअरना फोन केला. ते म्हणाले, “अहो, आम्ही रोज गाड्या बघतो. पुलिंगने होतंय.” तुम्ही खालून पाहिलंत का, विचारलं. तेव्हा इंजिन उतरवलेलं नव्हतं, म्हणजे वरून घडी दिसणं शक्यच नव्हतं. “वर्कशॉपने लेखी द्यावं, मग बघू.” वर्कशॉपला म्हटलं लेखी द्या. ॲडव्हायझर इकडेतिकडे बघत म्हणाला, “सर, ते सर्व्हेअर साहेबांच्या हातात आहे. आम्ही असं लेखी द्यायला लागलो तर आमचे बाकीचे क्लेम अडकतील.” कंपनीच्या हेल्पलाइनला लावला तर “आपलं प्रकरण सर्व्हेअरकडे प्रलंबित आहे.” ईमेलला उत्तर, “असेसमेंटनुसार मंजुरी दिलेली आहे.” पुन्हा सर्व्हेअर, पुन्हा वर्कशॉप, पुन्हा हेल्पलाइन. मंजुरी नाही म्हणून पार्ट ऑर्डर होत नव्हता, पार्ट ऑर्डर होत नाही म्हणून गाडी हलत नव्हती, आणि प्रत्येक जण मलाच सांगत होता की सही करा, लगेच काम सुरू होईल.

कंपनीला ‘रिपेअर’ का परवडतं, तेही समजून घ्या. रिपेअर म्हटलं की फक्त मजुरी द्यायची. रिप्लेस म्हटलं की पार्टची किंमत, जुना कापण्याची आणि नवा जोडण्याची मजुरी, वर रंग. माझी पॉलिसी झिरो डेप होती, म्हणजे चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर एरवी 35 टक्के घसारा जो कापतात, तोही कापता येत नव्हता. सगळा भार कंपनीवर. साध्या पॉलिसीवाल्यांनी हा 35 टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. गाडी पाच वर्षांची झाली की तो 40 होतो, आणि एअरबॅग, प्लास्टिक, रबर यांवर सरसकट 50.

गाठ सुटली ती मोजमापाच्या कागदाने. मी वर्कशॉपला सांगितलं, इंजिन-सबफ्रेम उतरवा, गाडी बेंचवर चढवा आणि पॉइंट मोजा, मंजुरी मिळाली नाही तर त्याची मजुरी मी भरतो. हे ऐकल्यावर मात्र ते लगेच तयार झाले. बेंच म्हणजे जाड लोखंडी चौकट. गाडी सिलखाली (दारांखालच्या कडेला) चार क्लॅम्पमध्ये आवळतात आणि बॉडीवरच्या ठरलेल्या भोकांची जागा कंपनीच्या मापांशी ताडून बघतात. साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. माझा डावा पुढचा पॉइंट 14 मिलिमीटर आत आणि 9 मिलिमीटर वर होता. उजवा अगदी मापात. आकड्यांचा तो कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता बोलायला आपल्याकडे काहीतरी आहे. तोवर माझं म्हणणं म्हणजे ‘मालकाचा हट्ट’ होता.

मग एकच ईमेल लिहिला. तो हेल्पलाइनला पाठवला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, पॉलिसीच्या कागदांतही असतो, फक्त शोधायला कुणी जात नाही. सोबत मोजमापाचा कागद, चुणीचे जवळून काढलेले फोटो (शेजारी स्टीलची पट्टी धरून, म्हणजे आकार कळतो) आणि दोन मागण्या. एक, इंजिन उतरलेल्या अवस्थेत गाडीची पुन्हा पाहणी करा. दोन, तरीही ‘रिपेअर’च म्हणणार असाल, तर ओढून सरळ केलेला लेग सुरक्षित राहील असं सर्व्हेअरने सही करून लेखी द्यावं, आणि अहवालाची प्रत मला मिळावी. खाली लिहिलं, की विमा नियामकाच्या 2017 च्या नियमांनुसार सर्व्हेअरने 30 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि उत्तर आलं नाही तर मी पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाईन.

धमकी म्हणून नव्हे, मी खरोखर जाणार होतो. लोकपालांकडे वकील लागत नाही, फी नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की अर्ज द्यायचा. आता तर सर्व्हेचा काळ आणखी कमी झालाय: 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

‘सही करून लेखी द्या’ ही मागणी सगळ्यात लागू पडली असं माझं मत आहे. फोनवर ‘पुलिंगने होतंय’ म्हणणं सोपं असतं. सर्व्हेअर पुन्हा आले, या वेळी वाकून खाली गेले, उस्तादांच्या बॅटरीच्या उजेडात घडी पाहिली, कागदावरचे आकडे पाहिले, आणि फारसं न बोलता ‘रिप्लेस’ लिहून गेले. एवढंच व्हायचं होतं, आणि ते पहिल्याच पाहणीत व्हायला हवं होतं.

पार्ट बाहेरून येईपर्यंत थांबावं लागलं, पण ते थांबणं मला जड गेलं नाही. काम उत्तम झालं. जुन्या लेगचे स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवले, कंपनीने दाखवलेल्या जागीच काप घेतला, नवा लेग बेंचवर मापात धरून आधी नुसता टाचला, परत मोजला, आणि मगच पक्का वेल्ड केला. जोडाच्या आतल्या पत्र्याला जस्ताचा प्रायमर, वरून सीलंट, आणि पोकळीत मेण. या मेणाची आठवण मला करून द्यावी लागली. ते राहिलं तर दोन पावसाळ्यांत आतून गंज धरतो आणि बाहेरून काही कळत नाही.

माझं नशीब एका बाबतीत बलवत्तर होतं. या गाडीचा चासी नंबर इंजिन बेमध्ये उजव्या सस्पेन्शन टॉवरवर कोरलेला असतो. मार डावीकडे होता. नंबर असलेला भागच बदलायची वेळ आली तर आरटीओचं वेगळं प्रकरण उभं राहतं, म्हणून तुमच्या गाडीचा नंबर कुठे आहे ते आधी बघा, आणि वर्कशॉपला त्या जागी ग्राइंडर लावू देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना मी दुरुस्तीनंतरच्या मोजमापाचा दुसरा कागद घेतला, सगळे पॉइंट 2 मिलिमीटरच्या आत. अलाइनमेंटचा कागद वेगळा. त्यात नुसता टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) बघू नका, दोन्ही बाजूंचा कॅस्टर आणि कॅम्बर (चाकांच्या कलाचे कोन) सारखा आहे का ते बघा. चासी मापात नसेल तर तिथे उघडं पडतं, कारण हे कोन नट फिरवून पुरते लपवता येत नाहीत. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून पाहिलं. गाडी रेषेत गेली. ब्रेक दाबला, तरी रेषेत. त्या दिवशी घरी येताना मी उगाच लांबच्या रस्त्याने आलो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. सेकंडहँड गाडी घेतल्यावर आरसी नावावर झाली म्हणजे विमा झाला असं नाही. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी 14 दिवसांच्या आत कंपनीकडे पॉलिसी ट्रान्सफरचा अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तेवढा फरक आपण भरायचा. मी तो पहिल्याच आठवड्यात भरला होता, म्हणून सर्व्हेअरशी वाद घालायला उभा राहू शकलो. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असती, तर ‘रिपेअर’ की ‘रिप्लेस’ हा प्रश्नच आला नसता, सगळा खर्च खिशातून गेला असता.