कॉलर आयडी कुठे गेला?

पानं लागत आली होती, तेव्हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ शर्ली ॲन जॅक्सन यांच्यावरचा लेख हातात पडला. सातशे शब्द. त्यातले पाचशे त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शोधांवर: कॉलर आयडी, फॅक्स, बटणांचा फोन, ऑप्टिकल फायबर. लेखकाला विचारलं, तर म्हणाले, "सगळीकडे हेच लिहिलंय." तीच तर पंचाईत!

असा मजकूर आला की आधी सनावळी मांडायची. बाई बेल लॅब्जमध्ये, म्हणजे अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत, गेल्या १९७६ साली. बटणांचा फोन अमेरिकेत १९६३ पासून विकला जात होता. कॉर्निंग या काच कंपनीने प्रकाशाचा ऱ्हास कमी होणारा काचतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, १९७० मध्ये केला. पेटंट क्रमांक मागितले. एकही आला नाही.

त्यांचं खरं काम कागदावरच्या गणिताचं. द्रव हेलियम इलेक्ट्रॉनला आत घेत नाही, पण प्रतिमाभारामुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनमुळेच हेलियममध्ये उमटणाऱ्या उलट भारामुळे, जवळ ओढतं. म्हणून तो पृष्ठभागाच्या जरा वर अडकून राहतो. त्याच्या दाबाने खाली किंचित खळगा पडतो आणि तो खळगा बरोबर घेऊनच इलेक्ट्रॉनला सरकावं लागतं. हेलियमचा थर पातळ केला की खालच्या घन पदार्थाची ओढ वाढते, खळगा खोल होतो. भौतिकशास्त्रज्ञ प्लॅट्झमन यांच्याबरोबरचा त्यांचा १९८१ चा निबंध इलेक्ट्रॉन आणि खळगा या जोडीवरच आहे. लेखात यातलं अक्षरही नव्हतं.

पुढची कारकीर्द दोन ओळींत उरकलेली. १९९५ ते ९९ अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं अध्यक्षपद, मग २०२२ पर्यंत ट्रॉय गावच्या रेन्सेलर पॉलिटेक्निक या तंत्रविद्यापीठाचं. २००१ मध्ये निनावी देणगीदाराने तिथे ३६ कोटी डॉलर दिले, तेही कशावर खर्चायचे याची अट न घालता. २००६ मध्ये त्यांच्याविरुद्धचा प्राध्यापकांचा अविश्वास ठराव १४९ विरुद्ध १५५ मतांनी पडला. सहा मतं! याला 'यशस्वी नेतृत्व' एवढं म्हणून सोडणं म्हणजे आळस. आपल्याकडे थोरांच्या चरित्रात विरोधाला जागाच नसते.

शोधांचा मजकूर कापला, तिथे हेलियम आणि ठराव बसवला. 'हे शोध त्यांचे नव्हेत' अशी साठ शब्दांची चौकट तयार होती. गौरवाच्या अंकात ती बोचेल म्हणून ऐनवेळी काढली. चूक झाली असं आता वाटतं, कारण अंक गेल्यावर एका शिक्षकांचं पत्र आलं: कॉलर आयडीसारखा मोठा शोध तुमच्या नजरेतून कसा सुटला?